त्या एका रंगाचं सॅम्पल

मॅचिंग सेंटरच्या काउंटरखाली एक टोपली असते. ब्लाउजपीस, अस्तर कापताना उरलेलं कातरण तिच्यात पडत राहतं. आज टाकू म्हणतो आणि रोज राहून जातं. माझ्याकडचे किस्सेही असेच साठलेत. लातूरच्या गोलाईच्या बाजारात माझं दुकान. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं, त्यामुळं टोपली कायम भरलेली. आज त्यातलं एकाच ताग्याचं कातरण काढतो. माझी भाची सृष्टी.

*

दहावी झाली आणि दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे मालक मन्मथराव, तिला नांदेडहून आमच्याकडं घेऊन आले. लातूरला दोन वर्षं राहायचं, अकरावी-बारावी करायची, क्लास लावायचा आणि डॉक्टर व्हायचं, असं ठरलेलं. ठरवलेलं दाजींनी. आम्हा नवरा-बायकोला मूलबाळ नाही, वरची खोली रिकामीच होती. आम्ही लगेच हाव म्हणालो.

रिक्षातून दोन मोठ्या बॅगा उतरल्या. मी म्हणालो, "दाजी, पुस्तकं लई दिसायलीत."

"पुस्तकं ह्याच्यात हायेत," दाजींनी खांद्यावरची कापडी पिशवी दाखवली. "त्या दोन्हीत कपडे."

*

दाजी सरकारी कचेरीत क्लार्क. कागदाला कागद जोडल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नाही. त्याच दिवशी सृष्टीसकट दुकानात येऊन म्हणाले, "डॉक्टरच्या एप्रनचं कापड द्या."

"अजून अकरावीचं ॲडमिशन व्हायचंय, दाजी."

"द्या तर."

मी पांढऱ्याचे तागे काढले. सृष्टीनं विचारलं, "कोणता पांढरा, पप्पा? हा दुधी, हा मोतिया, ह्याच्यात नीळ जास्त आहे."

"पांढरा म्हंजे पांढरा."

तिनं हात लावून लावून सुती निवडला. दाजी म्हणाले, "टेरिकॉट घे की. इस्त्री टिकती."

"सुतीच. टेरिकॉटवर मागून रंग चढत नाही."

"एप्रन रंगवायचा कशाला?"

"असंच. कंटाळा आला तर."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी मीटरपट्टीकडं बघितलं. अडीच मीटर कापलं, कागदात बांधलं. "तुमच्याच कपाटात असू द्या," दाजी म्हणाले. "दोन वर्षांनी शिवू."

*

क्लासचा युनिफॉर्म राखाडी. महिन्याभरात तिथल्या मॅडमचा फोन. "तुमच्या मुलीनं युनिफॉर्ममध्ये बदल केलाय, येऊन बघा."

गेलो. कापड तेच, रंग तोच, माप तेच. मॅडमनी सृष्टीला बाही उलटायला लावली. आतल्या बाजूनं बोटभर राणी रंगाची पट्टी, हातशिलाईनं लावलेली.

मी म्हणालो, "मॅडम, हे बाहेरून कुणाला दिसतंय?"

"मग लावलंय कशाला?"

सृष्टी खाली मान घालून म्हणाली, "फिजिक्सच्या तासाला थोडी दुमडून बघते, मॅडम. बरं वाटतं."

मॅडमनी आम्हाला घरी पाठवलं. पुढच्या आठवड्यात मॅडम स्वतः दुकानात. इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "ती राणी रंगाची पट्टी... अर्धा मीटर मिळेल का?"

*

पालकांची मीटिंग झाली तेव्हा दाजी मुद्दाम नांदेडहून आले. बायोलॉजीच्या सरांनी वही पुढं केली. हृदयाचं चित्र असं काढलेलं, की भिंतीला लावावं.

दाजी खूश. "म्हंजे नंबर लागतोय म्हणा की, सर."

सर म्हणाले, "चित्र पहिल्या नंबरचं आहे. पण खरं सांगू? हिच्यासमोर पेशंट आणून बसवला, तर ही आधी त्याचा शर्ट बदलेल."

मी हसलो. मग दाजींकडं बघितलं आणि हसू आवरलं.

*

रविवारी क्लासला सुट्टी. त्या दिवशी ती गल्ल्याशेजारी बसायची. एकदा रेणापूरच्या एक बाई आल्या, ब्लाउजपीस पाहिजे म्हणाल्या, आणि साडीच घरी विसरलेल्या.

"रंग कसा आहे, मावशी?"

"हिरवा बाई. म्हंजे हिरवा न्हाई. पिवळा म्हण. पण पिवळा बी न्हाई."

मी हात टेकले. सृष्टीनं बाईंकडं एक नजर टाकली आणि खालून चौथा तागा ओढला. त्याचं टोक घेऊन बाईंना पायरीवर नेलं. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो, त्यामुळं आमच्या धंद्यात शेवटचा निकाल पायरीवरच्या उजेडात लागतो. बाई बाहेरूनच ओरडल्या, "हाच गं माय, हाच."

नंतर मी विचारलं, "कसं ओळखलंस?"

"मामा, साडी घरी राहिली, पण तिच्यावर घेतलेल्या बांगड्या हातातच होत्या की."

त्या दिवशी मी बायकोला म्हणालो, ही पोरगी डॉक्टर झाली तर गोलाईचं नुकसान आहे. बायको म्हणाली, "आपलं म्हणा."

*

मी एकदा फुशारकी मारली, की लातुरात असा रंग नाही, जो मला मॅच करता येत नाही. सृष्टी म्हणाली, "एक आहे. सेंडऑफला त्याचा ड्रेस शिवायचाय मला. नांदेडला विष्णुपुरीच्या धरणाची दारं उघडल्यावर गोदावरीचं पाणी असतं ना, तो."

ती पाच-सहा वर्षांची असताना दाजी तिला दर पावसाळ्यात स्कूटरवर पुढं उभी करून तिथं न्यायचे. भोंगा वाजायचा, दारं उचलली जायची. ती कठड्यावरून वाकायची आणि दाजी मागून तिचा फ्रॉक मुठीत धरून ठेवायचे. फ्रॉक कोणत्या रंगाचा होता, ते तिला आठवत नव्हतं. पाण्याचा तेवढा आठवत होता.

मी बदामी काढला, मेहंदी काढला, कॉफी, तपकिरी, मातकट, बिस्किट, वीसेक तागे काउंटरवर पसरले. ती प्रत्येकाला मान हलवत गेली.

"तुमचे सगळे रंग थांबलेत, मामा. तो चालता होता."

"हे बघ बाई, सॅम्पल आणल्याशिवाय मॅचिंग होत नाही. आमच्या लाईनचा नियमच आहे."

संध्याकाळी तिनं हा सगळा किस्सा स्पीकरवर दाजींना सांगितला. हसून हसून सांगितला. दाजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "केमिस्ट्री कुठवर आली?"

*

बारावीच्या वर्षी तिनं मला एक फॉर्म दाखवला. कपड्यांच्या डिझाइनचं कॉलेज, हैदराबादला. आधी परीक्षा. डॉक्टरकीची पण देते म्हणाली, ही पण देते. मी दाजींना फोन करून सांगितलं, "माल घ्यायला हैदराबादला चाललोय, सृष्टीलाही दाखवून आणतो, तेवढाच बदल." बायकोनं दशम्या बांधून दिल्या.

ती आत गेली आणि मी बाहेर झाडाखाली बसलो. सगळे आई-बापच होते. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "तुमची मुलगी?"

मी म्हणालो, "हाव."

चाळीस वर्षं धंद्यात आहे, खोटं बोललो नाही असं कसं म्हणू? पण ज्याच्यात काहीच फायदा नाही असं हे पहिलंच. ते गृहस्थ म्हणाले, "तुमच्यावर गेलीय." परत येताना बसमध्ये मी तिला हे सांगितलं नाही. अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

*

डॉक्टरकीचा नंबर लागला नाही. हैदराबादचा लागला. दाजी आले, स्टुलावर बसले.

"मला विचारलं का न्हाई?"

सृष्टी म्हणाली, "तुम्ही नाही म्हणला असता."

"हाव. म्हणलो असतो."

"म्हणून."

दाजींनी चहा अर्धा ठेवला. कॉलेजच्या फॉर्मवर सही केली, सवयीनं खाली तारीख टाकली. "जा," म्हणाले. "पर मला फोन करू नको."

ती गेली तेव्हा स्टँडवर मी, माझी बायको आणि नांदेडहून आलेली अक्का, म्हणजे सृष्टीची आई. बस फलाटावरून हलेपर्यंत सृष्टी खिडकीतून आमच्या डोक्यावरून मागं बघत होती. मागं कुणी नव्हतं.

*

पुढचे दोन महिने माझे फोनवर गेले. सकाळी सृष्टी: "मामा, पप्पा काही म्हणले का?" मी म्हणायचो, नाही गं. संध्याकाळी दाजी: दुकान कसं चाललंय, शुगर किती आली, लातूरला पाणी किती दिवसांआड येतं. सगळं विचारून संपायचं, तरी फोन ठेवायचे नाहीत.

एकदा मीच म्हणालो, "तिथलं जेवण बरं आहे म्हणे."

"म्या कुठं विचारलं?"

"मी तरी कुठं सांगितलं?"

"हूं," दाजी म्हणाले. मग जरा वेळानं, "ज्वारीची भाकर मिळती का?"

*

परवाच्या रविवारी दाजी दुकानात आले. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. लग्नाचं गिऱ्हाईक बसलं होतं, त्यामुळं तासभर स्टुलावर थांबले, तीच कापडी पिशवी मांडीवर सरळ उभी धरून. चहाला नको म्हणाले. गिऱ्हाईक उठलं तशी त्यांनी विचारलं, "ते एप्रनचं कापड हाय का?"

मी कपाटातून पुडकं काढलं. वाटलं, परत करायला आले असतील. भिंतीवर माझाच बोर्ड आहे, कापलेलं कापड परत घेतलं जाणार नाही. दाजींसाठी मी तो उतरवलाही असता.

"सुती हाय न्हवं हे?"

"सुतीच. तिनंच निवडलेलं."

"मंग रंग चढंल."

"चढेल की. मागच्या गल्लीत रंगारी आहे. कोणता द्यायचा?"

दाजींनी पिशवीत हात घातला आणि पाण्याची एक लिटरची प्लास्टिकची बाटली काउंटरवर ठेवली. तिच्यावर चिकटपट्टी. पट्टीवर बॉलपेननं तारीख, वेळ, विष्णुपुरी, आणि खाली सही.

"तुम्हीच म्हणला व्हता," दाजी म्हणाले, "सॅम्पल आणल्याशिवाय मॅचिंग होत न्हाई म्हणून."

मी बाटली उचलली आणि हाताच्या सवयीनं पायरीवर उजेडात नेली. तासभर स्थिर राहिल्यानं गाळ सगळा तळाला बसला होता. वर नितळ पाणी.

"दाजी, ह्याच्यात तर रंगच राहिला नाही."

दाजी बाहेर आले. माझ्या हातातून बाटली घेतली, झाकणावर अंगठा दाबून जोरानं हलवली आणि उन्हात वर धरली.

"आता बघा," ते म्हणाले. "लवकर बघा, बसायच्या आत."