विहिरीवर ऐकू आलं ते

गिरजाची किंकाळी रुखमाबाईनं विहिरीवर ऐकली आणि हातातला दोर सोडून दिला. बादली आदळली ती आदळली.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. रुखमाबाई गडचिरोलीकडच्या एका कॉलेजात पाणी भरायची, गिरजा तिथं शिकायची. बाई मूळची धानोऱ्याकडची, मोहफुलं वेचत वाढलेली. त्या रानाची रीतच अशी, की एका बाईनं हाक दिली तर ऐकणारीनं उलट हाक देऊन तिकडे धावायचं. अस्वल असो की माणूस. जी ऐकून गप राहिली, तिला पुढं कोणी सोबत नेत नसे.

किंकाळी आली होती प्रयोगशाळेतून. तिला लागूनच प्रोफेसरांची खोली. दार सताड उघडं आणि आत तिघं चहा पीत बसलेले. किंकाळी ऐकून एकानं कप तेवढा खाली ठेवला होता. बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाशी हात धरून तिनं रानातली लांब हाक दिली. आणि मजा बघा, वर्गातून उलट हाक आली! रानाकडच्याच पोरी त्या, बाकं ओलांडून धावल्या. प्रयोगशाळेचं दार ढकललं तर गुणवंतराव प्रोफेसर गिरजाला भिंतीशी दाबून उभा. म्हणे, कॉपी पकडली.

प्राचार्यांनी समजावलं ते गिरजालाच. बदनामी होईल, गावी जा, परीक्षा पुढच्या वर्षी दे. घरातली पहिलीच शिकणारी पोर. एकदा गेली असती तर परत आलीच नसती. ती ट्रंक भरायला निघाली, तशी रुखमाबाई दारात आडवी झाली.

"पोरगी कुठी नाई जात. जाईल तर तो जाईल."

प्राचार्यांनी पुरावा विचारला. चहा पिणारे ते तिघंही तिथंच होते, बाई त्यांच्याकडे वळली. "तुमी तर भिंतीले लागून होते. सांगा ना, भाऊ."

एकानं चष्मा पुसला. "नीट आयकू नाई आलं, बाई."

"मले विहिरीवर आयकू आलं."

गिरजा ट्रंक घेऊन बाईच्याच घरी राहिली. पोलीस ठाण्यात बाई तिला चिकटून बसली, पोरींनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, आणि गुणवंतरावाला कॉलेज सोडावं लागलं. गिरजानं त्याच वर्षी परीक्षा दिली.

ते तिघं मात्र खुर्चीत तसेच. त्यांच्या खोलीतला माठ कोरडा पडू लागला. चष्मेवाले तणतणत विहिरीवर आले, पाणी काऊन नाई म्हणून विचारू लागले.

रुखमाबाईनं दोर ओढता ओढता सांगितलं, "तिथूनच हाक देत जा, भाऊ. आयकू आलं तर आणीन."