देव नाही, तरी हलवू नका

श्रीमती वत्सलाबाई निकम यांची आणि माझी पहिली भेट आमच्या स्टेशनच्या फलाटावर झाली, आणि त्या भेटीपायी माझी गाडी चुकली. मी नाशिकरोडला निघालो होतो. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाई शिवणकामाच्या टेपनं एक शेंदूर फासलेला दगड मोजत होत्या. "जरा हे टोक धरता का?" त्यांनी वर्गातल्या आवाजात विचारलं. मी धरलं. पॅसेंजर आली, गेली, मी टोक धरूनच उभा. मग बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला जायचं होतं का?" तेव्हापासून मी त्यांचा शिष्य. कसा झालो, ते मलाही नीट सांगता येत नाही.

आज बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीनं लेख द्या म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो आणि पंचाईत करून घेतली. बाईंचं मोठेपण मला ठाऊक आहे, पण त्यांचं गेल्या वर्षीचं वागणं बरोबर होतं की चूक, हे अजून कळत नाही. ते टाळून लिहिलं तर बाईच लेख परत पाठवतील.

बाईंची कामाची रीत एकच. कुणी काही सांगितलं की विचारायचं, "तुम्हाला कोणी सांगितलं?" मग त्या माणसाकडे जायचं आणि त्यालाही तेच विचारायचं. फलाटाच्या टोकाची अंधारी खोली म्हणजे विनातिकीट माणसांना कोंडायची कोठडी, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. बाई माणसामागून माणूस गाठत गेल्या आणि ती कंदील ठेवायची खोली निघाली. ही कोठडीची गोष्ट गिऱ्हाइकांना रंगवून सांगणारा चहावाला हिरमुसून म्हणाला, "बाई, तुम्ही आमचं स्टेशन लय साधं करून टाकलं." बाई तरीही रोज त्याच्याकडेच चहा घेत राहिल्या.

माझी पत्नी इस्पितळात होती तेव्हा बाईंनी रोज डबा आणला. मुगाची खिचडी, वर तूप, आणि मला दटावणी, "आधी तुम्ही जेवा." डोळे भरून येत. पण डबा देऊन झाला की बाई शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या आजींना स्टेशनाविषयी विचारत बसत. त्या आजींचे वडील कोळशाच्या इंजिनांत पाणी भरायचे. आमचा शेंदरी दगड म्हणजे त्या पाण्याच्या उंच नळाचं जोतं, हे तिथं उलगडलं. आम्ही मात्र समजत होतो की गाड्या तिथं थांबतात त्या देवाला नमस्कार करायला. इंजिनं बदलली, नळ गेला, गाड्या तिथं थांबेनाशा झाल्या, आणि शेंदूर वाढतच राहिला.

गेल्या वर्षी फलाट रुंद करायचं काम निघालं आणि दगड मध्ये आला. रेल्वेचे साहेब पाहणीला आले. देवस्थान असेल तर सोडून देऊ, रेल्वेचंच जुनं बांधकाम असेल तर फोडू, असं त्यांनी सांगितलं. रामदास आबा, म्हणजे दर शनिवारी तिथं नारळ फोडणारे आमचे शेजारी, बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आजच्या दिवस गप ऱ्हा. देव हाय म्हनलं की झालं." मीही हात जोडले.

साहेबांनी बाईंनाच विचारलं. बाई म्हणाल्या, "देव नाही. इंजिनाच्या नळाचं जोतं आहे."

"मग काढायला हरकत नाही?"

"हरकत आहे. देव असता तर चार मंत्र म्हणून दुसरीकडे बसवता आला असता. हे इथून उचललं तर नुसता दगड उरेल."

साहेब दगडाकडे बघत राहिले, मग बाईंकडे. वर विचारतो म्हणाले आणि गेले. आबांनी बाईंशी बोलणं सोडलं. मीही मनातून चिडलो होतो.

घरी सोडताना मी बोललोच, "बाई, एक शब्द खोटा बोलला असतात तर वाचलं असतं." बाई ओट्यावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. म्हणाल्या, "वाचलं असतं हो. पण खोट्यावर वाचवलेलं मी पोरांना काय म्हणून दाखवू? आणि माझ्या खरं बोलण्यानं ते गेलं, तर मी काय करू?" बाईंना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

फलाटाचं काम दगडापाशी येऊन थांबलं आहे. वरून काय हुकूम येईल, कुणालाच माहीत नाही. आबा अबोला धरून आहेत, पण या ग्रंथात आपलाही फोटो हवा म्हणून समितीच्या मागे लागले आहेत. त्याचा अर्थ काय लावायचा, तेही मला समजत नाही.

बाईंना ठणठणीत प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभो, एवढं मात्र मी बिनघोर मागू शकतो. दगड राहिला तर तो बघायला त्या हव्यात. आणि उद्या तो फुटलाच, तर इथं काय होतं हे विचारत पोरं त्यांच्याच दारी येतील. तेव्हा दार उघडायला बाई हव्यात.