गोठ्यामागच्या बैठका

नात माझ्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना तेल-हळद चोळते, तेव्हा त्या वासासरशी मी निजामाच्या काळातल्या माझ्या जैनथ गावी पोचते. कुस्त्यांच्या दंगलीत आखाड्याच्या मातीला हाच वास होता. हैदराबादहून आलेला एक पहिलवान कुस्तीला उठला, तेव्हा डोंगरच उठल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवसापासून गावातले झाडून सगळे गडी दंड-बैठका काढू लागले. मी काडीसारखी पोर, पण ऐट पहिलवानाची! पोरीनं बैठका मारल्याचं आजीला कळलं असतं, तर माझं बाहेर पडणंच बंद झालं असतं. म्हणून पहाटे गुपचूप गोठ्यामागं गेले.

तिथं आजीच लुगडं खोचून बैठका काढत होती! पहिलवानापेक्षा मोठा डोंगर मला तिथं दिसला.

"काऊन पाहून राह्यली वं?" ती धापा टाकत म्हणाली. "परकर खोच अन् लाग!"