पावसपर्यंत आणि परत, न बसता

तुमच्या बाबाने परदेशी गेल्यावर एकदा फोनवर सांगितलं, की तो एका इस्पितळाला मदत म्हणून मॅरेथॉन पळाला. मला पहिला प्रश्न पडला तो हा, की पळण्याचे पैसे कोण देतं? त्याने समजावलं, "आई, ओळखीची माणसं म्हणतात, तू हे पुरं केलंस तर आम्ही देणगी देऊ. अर्ध्यात सोडलंस तर नाही."

फोन ठेवून मी अंगणात आले. समोरच्या घराच्या पायरीवर तिथली मुलगी बसली होती.

तिच्या पायांत जन्मापासून बळ नव्हतं. गावातल्या अपंग मुलांच्या छोट्या शाळेत तिची आई तिला कडेवर घेऊन जायची. मुलगी वाढली, आईची पाठ धरली आणि दिवाळीपासून शाळा सुटली. शाळेकडे गाडी नव्हती. तरी ही रोज सकाळी गणवेश घालून, वेण्या बांधून पायरीवर बसायची आणि रस्त्याने जाणारी मुलं बघायची. गणवेश कशाला घालतेस म्हणून कोणी विचारलं तर म्हणायची, "गाडी आली तर?"

मी ठरवलं, शाळेच्या गाडीसाठी आपणही असंच काही करायचं. रत्नागिरीहून पावस गावापर्यंत चालत जायचं आणि दिवस मावळायच्या आत चालत परत यायचं. तेव्हा मी साठी ओलांडलेली होते. तुमचे आजोबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "गुडघ्यांना विचारलंस का?"

"विचारलं. ते नाही म्हणाले."

"मग?"

"मग काय! तुम्हीसुद्धा पुष्कळदा नाही म्हणता."

आळीत मात्र गंमतच झाली. "बाई, पैसे देतो हो, पण चालू नका. या वयात बरं दिसतं का?" असं जो तो म्हणायला लागला. न चालण्याबद्दल थोडे जमलेही. पण गाडी यायची तर बाबाच्या ऑफिसातल्या मंडळींनी कबूल केलेली देणगी हवी होती, आणि ती चालणं पुरं झालं तरच मिळणार होती.

बाबाने जाड तळव्यांचे बूट आणि सरावाची एक इंग्रजी पुस्तिका पाठवली. मी ती दोनदा वाचली. पाणी केव्हा प्यावं, पाय कसे ताणावेत, सगळं तिच्यात होतं. कोकणातल्या ओट्यांबद्दल काही नव्हतं.

सरावाला निघून भाट्याचा पूल ओलांडला, सुरूची झाडं मागे टाकली, चढण चढून सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर आलं, की घरं लागायची. पाचवारी साडी, पायात बूट आणि डोक्यावर आजोबांची टोपी अशी बाई उन्हातून चालली आहे म्हटल्यावर कोण गप्प बसणार? "या ना, जरा टेका. सरबत घेऊन जा." नको म्हणावं तर माणसं दुखावतात. सड्याच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहायची. ती तर वाटेत आडवीच उभी राहायची. "काय गो, माज्या घरचं पाणी चालत नाय तुला?"

मग मी तिच्या ओट्यावर बसायची. गूळपाणी व्हायचं, चहा व्हायचा, तिच्या मुंबईतल्या मुलाची खुशाली व्हायची. आणि उठायला जावं तर गुडघे धरलेले. चालताना ते कुरकुरत का होईना चालत, पण एकदा बसले की पुन्हा उठत नसत. शेवटी आजोबा स्कूटर घेऊन शोधत यायचे, तेही चहा घ्यायचे आणि मला मागे बसवून घरी आणायचे. प्रत्येक वेळी सराव त्या ओट्यावरच संपायचा.

"तू पावसला नाही, चहाला चालली आहेस," आजोबा म्हणाले.

शेवटी एक दिवस मी ओट्यापाशी उभ्यानेच म्हातारीला त्या मुलीची हकिगत सांगितली. गणवेशाचंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पाठ फिरवून आत गेली. मला वाटलं, रागावली.

ठरल्या दिवशी पहाटे निघाले. पौष होता, आंब्याची कलमं मोहरलेली, सगळ्या सड्यावर तो वास. जाताना म्हातारीचं दार बंद होतं. पावसला पोचले, मागे वळले. परतीची चढण चढून आले तेव्हा पाय माझे राहिले नव्हते. ऊन उतरू लागलं होतं. पुढे तिचा ओटा दिसला, आणि खरं सांगते, बसावंसं वाटलं. मनात म्हटलं, पुरे.

म्हातारी वाटेवर उभी होती. हातात पितळेचं फुलपात्र, त्यात गूळ घातलेलं पाणी.

"बसू नको. चालत पी," ती म्हणाली आणि काठी टेकत माझ्याबरोबर चालायला लागली. पुढच्या घराशी तिने हाक दिली, तशी तिथली सून पदर खोचून बाहेर आली आणि पुढे माझ्याबरोबर ती चालली. तिच्या पुढच्या घरातून आणखी कोणी. त्या दिवशी सड्यावर मला एकीनेही बसा म्हटलं नाही. आपल्याकडे हे न म्हणणं किती अवघड, ते तुम्ही इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही.

निरोप घेताना म्हातारीने फुलपात्र माझ्या हातातच ठेवलं होतं. "आन परत. पन त्या पोरीला घेऊन."

भाट्याच्या पुलावर आले तेव्हा सूर्य पाण्याला टेकायचा होता. पलीकडच्या टोकाला आईच्या मांडीवर ती बसली होती. गणवेशातच.

गाडी यायला गुढीपाडवा उजाडला. तोवर फुलपात्र माझ्या फळीवर होतं. पहिल्या रविवारी शाळेने गाडी दिली, तेव्हा आम्ही सड्यावर गेलो. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून मी त्यात रव्याचा लाडू ठेवला होता. मुलीने वाटभर ते दोन्ही हातांनी धरलं होतं आणि तिनेच ते म्हातारीला दिलं.

म्हातारीने आधी तिच्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग माझ्याकडे.

"आता तरी बसशील ना गो?"

बसले. चांगली संध्याकाळपर्यंत बसले.