व्यासपीठावरची दुसरी खुर्ची

विद्वानाचा सत्कार सपत्नीक करावा, अशी आपल्याकडे रीत आहे. त्यासाठी व्यासपीठावर दोन खुर्च्या मांडतात. एकीवर विद्वान बसतात आणि दुसरीवर, त्या विद्वत्तेमुळे जिला घरचे सगळे एकटीने पाहावे लागले, ती बसते.

परवा आमच्या ग्रंथालयात एका प्राध्यापकांचा सत्कार होता. समलिंगी संबंधांच्या इतिहासावर त्यांनी आयुष्यभर संशोधन केले आहे. दुसरी खुर्ची रिकामी पाहून आमचे कार्यवाह ती उचलू लागले.

"राहू द्या," प्राध्यापक म्हणाले. "माझे जोडीदार श्रीधरराव खाली बसले आहेत. ते वर येणार नसतील, तर माझीही खुर्ची उचला."

कार्यवाहांचे मन ग्रंथ वाचून बदलले असते की नाही, याची मला शंका आहे. परंतु अडलेला कार्यक्रम त्यांना सोसवत नाही. "या श्रीधरराव, वर या," ते म्हणाले आणि रीतीप्रमाणे त्यांनी ध्वनिक्षेपकही पुढे केला. "सहजीवनाविषयी दोन शब्द सांगा."

श्रीधरराव संकोचले. "काय सांगू? इतकी पुस्तके लिहिली, पण चहा झाला की कप तिथेच. इतकी वर्षे मीच उचलतोय."

"आमच्याकडेही तेच हो!" पहिल्या रांगेतून कार्यवाहांच्या पत्नी उद्गारल्या, आणि सभागृहातल्या समस्त बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मान्यता ग्रंथांमुळे मिळते, असे मी वर्गात शिकवत आलो. ती तक्रारीमुळेही मिळते, हे त्या दिवशी समजले. कार्यवाह मात्र मान खाली घालून हातातला नारळ निरखत राहिले.