'काहून' लिहिल्याशिवाय बिल्ड होत नाही

शबानाने मरेपर्यंत माझं ऐकलं नाही.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं.

पांढरकवड्यात आम्ही एका वर्गात होतो. हायवेवर तिच्या अब्बांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. पुढे दोघंही सॉफ्टवेअरमध्ये गेलो आणि हौस म्हणून स्वतःची एक छोटी प्रोग्रामिंग लँग्वेज बनवायला घेतली.

भांडण टेम्प्लेटवरून.

टेम्प्लेट म्हणजे साचा. एकदा लिहायचा. आकडा, तारीख, नाव, जे द्याल त्याचा कोड कंपायलर, म्हणजे आपलं लिहिलेलं मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, आधीच पाडून ठेवतो, म्हणून प्रोग्राम सुसाट पळतो. पण चुकीची वस्तू आत गेली की साच्याच्या पोटात कुठेतरी फुटतं, आणि स्क्रीनभर एरर.

माझं म्हणणं, साचा मोकळा ठेवू. अटी घातल्या की लिहिणारा वैतागतो, बिल्डलाही, म्हणजे प्रोग्राम तयार व्हायलाही, वेळ लागतो.

तिचं म्हणणं, काय चालेल ते साच्याच्या तोंडाशीच सांगायचं. शिवाय प्रत्येक अटीखाली 'काहून', म्हणजे आमच्याकडचं 'का', लिहून साध्या भाषेत कारण द्यायचं. कोणी चुकला की स्क्रीनवर तेच कारण दिसेल. कारण नाही, तर बिल्ड नाही.

"अब्बा इंजिन खोलाच्या आधी विचारते, गाडी काहून थांबली. आपल्या कंपायलरले सांगाले काय होते?"

"लोकं कंटाळतीन ना शबाना."

"लिहिणारा एकदा कंटाळीन. वाचणारा रोज रडून राह्यला, त्याचं काय?"

दोघांचंही बरोबर होतं, म्हणून तर भांडण मिटेना.

शेवटी तिचंच झालं, कारण कंपायलर तिने लिहिला होता.

मी मात्र प्रत्येक काहूनपुढे नुसतं 'असंच' टाकायचो. कंपायलर बिचारा तेही चालवून घ्यायचा.

नागपूरला केमो सुरू होती तेव्हा ती पडल्या पडल्या माझे 'असंच' खोडत असायची.

"आराम कर ना," मी फोनवर म्हणालो.

"तू लिहत नाही, तं मीच लिहून राह्यली. तू कायले टेन्शन घेतं?"

ती गेल्यावर बिल्ड फारच हळू व्हायला लागला. सगळ्या अटीच काढून टाकायचा बदल मी तयार करून ठेवला होता.

आज सकाळी तो टाकायला बसलो. आधी सहज एकदा बिल्ड केला, तर माझ्याच चुकीने अडला.

स्क्रीनवर एकच ओळ आली.

"काहून: इथं तारीख पाहिजे, तू नाव देऊन राह्यला. चष्मा लाव, नितीन."

मी हसलो. मग रडलो, बराच वेळ.

तो बदल डिलीट केलाय. बिल्ड हळू तर हळू.

भांडण तू जिंकलीस, शबाना.

चष्मा लावलाय.

खुदा हाफिज.