टाकी कोणी धुवायची

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही शहरात, द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला फ्लॅट घेतला. आठ घरांची इमारत, लिफ्ट नाही, वॉचमन नाही. सगळी कामं रहिवाशांनी वाटून घेतलेली. रविवारी एका घराने जिना झाडायचा, मागचा बोळ साफ करायचा आणि अधूनमधून दोन घरांनी मिळून गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायची. मला ही पद्धत फार आवडली. मी नांदगावची. आमच्याकडे विहिरीतला गाळ काढायला अख्खी वस्ती उतरायची.

राहायला आलो त्याच आठवड्यात चेअरमन भेटायला आले. ते आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहत. चहा घेतला नाही, आत्ताच झाला म्हणाले. "वहिनी, तुम्ही जिना आणि बोळ बघा. टाकीचं आम्ही बघतो. शिडीवर चढायचं, तुम्हाला कशाला त्रास?"

किती सभ्य माणूस, असं मला वाटलं.

घंटागाडी तेव्हा आमच्या गल्लीत येत नव्हती. कोपऱ्यावर कचराकुंडी होती, पण तिथवर चालत जाणं काही घरांना जमत नसे. खिडकी उघडायची आणि द्यायचं सोडून. कांद्याची सालं, चहाचा चोथा, गाठ मारलेल्या पिशव्या, एकदा तर अख्खं कॅलेंडर, खिळ्यासकट! मी शाळेत मुलांना कचरा उचलायला लावणारी बाई. माझी पाळी आली की खराटा घेऊन बोळात उतरायचे आणि वरच्या खिडक्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बडबडत झाडायचे.

एका रविवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर टाकी धुणं चालू होतं. वयाने आणि वजनाने माझ्याहून भारी असलेल्या शेजारच्या वहिनी शिडीवरून टाकीत उतरत होत्या. मी म्हटलं, "पुढच्या वेळी मी येते हं." सगळ्यांनी एकदम बादल्यांकडे पाहिलं.

मग डोक्यात प्रकाश पडला. आम्ही बौद्ध. दार उघडलं की भिंतीवरचा फोटो दिसायचा, कोणाला विचारायची गरज नव्हती. कचऱ्याला आमचे हात चालत होते, पाण्याला चालत नव्हते. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

"जाऊ दे ना," आमचे हे म्हणाले. "आत्ताच घर घेतलंय. इथेच राहायचंय आपल्याला."

"म्हणूनच नाय जाऊ देणार," मी म्हटलं. राग आला की माझ्या तोंडून नांदगाव बाहेर पडतं. "इथंच राहायचं हाय ना? मग पाणी बी आपलंच हाय."

पुढची पाळी आली तेव्हा मी खराटा उचललाच नाही. त्यात मे महिना. आंब्याच्या कोयींवर माश्या घोंघावू लागल्या आणि कुत्र्यांनी पिशव्या फाडून बोळभर पसरल्या. चेअरमन दारात आले. "वहिनी, तुमची पाळी राहिली."

"पाळी असेल तर तिन्ही कामांची. नाहीतर एकाचीही नको."

त्यांनी आवाज खाली आणला. "माझं काही नाही हो. तळमजल्यावरच्या काकूंचं सोवळं असतं. त्यांना चालायचं नाही."

काकू सत्तरीच्या, एकट्या राहायच्या. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बोळातच उघडायची, त्यामुळे सगळा वास आधी त्यांच्याकडे जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली खराट्याची खरखर ऐकू आली म्हणून मी गॅलरीतून वाकून पाहिलं. काकू पदर खोचून, कमरेवर हात ठेवत बोळ झाडत होत्या. मला राहवेना. मी धावत खाली गेले आणि खराटा घ्यायला हात पुढे केला.

"थांब, हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "टाकीला तुमचे हात नकोत, असं मीच म्हटलं होतं. आठवडाभर नाकाला पदर लावून तुझ्यावर चिडत होते. आज इथे वाकले आणि माझीच मला लाज वाटली. टाकीची पाळी मिळाल्याशिवाय खराटा धरू नकोस. चेअरमनला मी सांगते."

मला गहिवर वगैरे आला नाही. राग इतक्यात जाणारा नव्हता. पण जिना चढताना पाय हलके वाटले, हे खरं.

काकूंनी सांगितलं आणि स्वतःची जोडीही माझ्याशीच लावून घेतली. टाकीच्या रविवारी अख्खी इमारत बघायला गच्चीवर जमली. त्यांनी शिडी धरली आणि मी टाकीत उतरले. काय सांगू! कोपऱ्यात घोट्याएवढा गाळ, कबुतराची पिसं, बाटलीचं झाकण आणि एक कंगवा. सोवळ्यातलं पाणी म्हणे! मी झाकणातून हात बाहेर काढला. "भाऊ, हा कंगवा कोणाच्या घरचा?" चेअरमन सोडून सगळे हसले. मी काथ्याने घासघासून, ब्लिचिंग पावडर टाकून टाकी लख्ख केली. संध्याकाळी पाणी चढलं, तेव्हा काकूंनी आपल्या नळाचं पाणी तांब्यात घेतलं आणि माझ्यासमोर प्यायल्या.

चेअरमनच्या घरी मात्र आदल्या दिवशीच हंडे, कळशा, पिंप, सगळं भरून ठेवलेलं होतं. गच्चीवरून बाहेरच्या बाजूने खाली आलेले त्यांचे पाइप आमच्या भिंतीतून पुन्हा वर जायचे, त्यांनी नळ सोडला की आमची भिंत घुरघुरायची. आता न्हाणीघराचा पाइप रोज वाजत होता, स्वयंपाकघरातला गप्प. म्हणजे अंघोळीला माझं पाणी चालत होतं, प्यायला नाही. मी कान लावून बसायचे आणि पोळ्या करपवायचे. "पुरे गं आता," हे म्हणायचे.

पण पिंप ते किती पुरणार? एका सकाळी मी कणीक मळत असताना स्वयंपाकघरातली भिंत घुरघुरली. मी कणकेच्या हातानेच ह्यांना ओढत आणलं. त्यांनी भिंतीवर तळवा टेकवला. आत पाणी वाहत होतं. जाऊ दे म्हणणारा माझा नवरा ऑफिसला उशीर होईपर्यंत तिथून हलला नाही.